चिमट्याची गोष्ट

“भावंडं किती?” बाईंनी विचारलं, आणि ती म्हणाली, “कुणी नाही. मी एकटीच.”

हे इतक्या सहज तोंडून गेलं, की आपण काय बोललो ते तिला बाईंची पेन्सिल हलली तेव्हा कळलं. दवाखान्यात घराण्यांचे आलेख काढायचे, कुठला आजार कुणाकडून येतो ते बघायचं, हेच त्या बाईंचं काम. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. तिचा गोल काढून त्यांनी शेजारची जागा कोरीच ठेवली आणि पेन्सिल वर सरकवली. “आईला भाऊ?” “नाही. एक मावशी आहे.” “आईच्या माहेरी एखादा मुलगा लहानपणी गेलेला? डोकं मोठं असलेला, चालायला न लागलेला?” “नाही,” ती म्हणाली, आणि आता मात्र तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. ती काम करत असलेल्या दुकानात चष्म्याचा नंबर काढून घ्यायला आलेल्या माणसाचा असतो तसा, घाईघाईनं बरोबर असणारा. शेजारी नवरा बसला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर. सकाळची पाळी सोडून तसाच आला होता आणि नखांतलं वंगण दिसू नये म्हणून मुठी मांडीवर पालथ्या ठेवून बसला होता. आपल्या बाजूची माहिती त्यानं अगदी उत्साहानं दिली होती. आत्या, काका, चुलत आजोबा. “आमच्याकडे सगळे नव्वदी गाठतात हो, फक्त गुडघे आधी जातात.” बाई हसल्या होत्या. ती हसली नव्हती. तिला त्या कोऱ्या जागेकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही सुचत नव्हतं. खोटं आत्ताचं नव्हतं. एकतीस वर्षांचं होतं, वापरून वापरून मऊ झालेलं. शाळेत, कॉलेजात, लग्न ठरताना, लग्नानंतरची सात वर्षं या शेजारच्या माणसापाशीसुद्धा, कुणी विचारलं की ती हेच म्हणत आली होती. फक्त आजवर ते कुणी लिहून घेतलं नव्हतं.

दोन तासांपूर्वी ती खालच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत पोट उघडं टाकून पडली होती. पाचव्या महिन्याची तपासणी, सगळ्याच बायकांची होते ती. तपासणारा डॉक्टर तरुण होता आणि काम करताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणायची त्याला सवय होती. पोटावरचा चिकट थंड लेप, त्यावरून फिरणारा तो गुळगुळीत दांडा, पडद्यावर करडं करडं हलणारं काहीतरी. पाठीचा कणा मोत्यांच्या सरासारखा दिसला तेव्हा नवरा पुढं वाकला. हृदय झालं, मूत्रपिंडं झाली, पायाचं हाड मोजून झालं. मग डॉक्टर डोक्याकडे आला आणि गुणगुणणं थांबलं. त्यानं एक फुली इथं ठेवली, एक तिथं, यंत्र टिकटिक वाजलं, कोपऱ्यात आकडा आला. त्यानं तो पुसला, पुन्हा मोजलं. तोच आला. एकोणीस. “किती पाहिजे?” नवऱ्यानं विचारलं. “दहा मिलिमीटरच्या आत,” डॉक्टर म्हणाला. “मेंदूत पाण्याच्या जागा असतात, त्या रुंद झाल्यात. थांबा, मला हात बघू दे.” हाताला बराच वेळ लागला. मूठ उघडेना. “तुम्ही जरा फिरून या,” तो म्हणाला, “काहीतरी गोड घ्या, जिना चढा-उतरा. हललं की बघू.” मग ती दोघं वीस मिनिटं त्या लांब व्हरांड्यात फिरली. तिनं बिस्किटं खाल्ली, रस प्यायली, दोन मजले चढून दोन मजले उतरली. “झोपलं असेल,” नवरा म्हणाला, “माझ्यावर गेलंय.” ती ‘हं’ म्हणाली. परत येऊन ती पडली, दांडा फिरला, आणि मूठ तशीच होती. डॉक्टरनं एक पांढरा बाण त्या मुठीपाशी आणून ठेवला. “बोटं हलतायत. पण अंगठा आत आहे, तळहाताला चिकटून. दोन्ही हातांचा.” तो बाण तिला दाखवायची काही गरज नव्हती. ती मूठ तिच्या ओळखीची होती.

दादा. ती पाच वर्षांची होती तेव्हा तो आठ वर्षांचा होऊन गेला. त्याला मान धरता येत नव्हती, बोलता येत नव्हतं, तरी तो तिच्याआधी जन्मलेला, म्हणून दादा. मागच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट. कपाळ मोठं, पुढं आलेलं, आणि त्याखाली डोळे इतके मोठे आणि शांत, की तो कुणाची तरी वाट बघतोय आणि त्याला घाई नाहीये असं वाटायचं. त्याच्या अंगाला पावडरीचा आणि आंबट दुधाचा वास यायचा. ती खाटेवर चढून उड्या मारायची, गादी हलली की तो घशातून एक आवाज काढायचा, आणि ते हसणं आहे हे घरात फक्त तिला आणि आईला कळायचं. आई रोज त्याच्या मुठी उघडायची. आतला अंगठा हळूच बाहेर काढून त्याच्या जागी आपला अंगठा घालायची, बोटांच्या बेचक्या पुसायची, आणि हात काढून घेतला की तो अंगठा पुन्हा आत जाऊन बसायचा, गोगलगाय शिरते तसा. हे सगळं आठवतं असं ती कधी स्वतःलासुद्धा सांगत नसे. तिला आठवायचं ते वेगळंच. बालवाडीतली एक मुलगी खेळायला आली होती, खिडकीतून तिनं आत पाहिलं आणि विचारलं, “ते कोण आहे?” आणि ती म्हणाली होती, “पाहुणे आहेत.” दादा गेल्यावर महिन्याभरात त्यांनी घर बदललं. नव्या घरी ट्रकमधून सामान उतरत असताना आईनं तिच्यासमोर उकिडवं बसून तिच्या फ्रॉकचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, “इथं कुणी विचारलं तर सांगायचं, मी एकटीच. कळलं ना ठमे? उद्या तुलाच त्रास नको.” तिला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं ती विसरली नव्हती. आणि खरं सांगायची वेळ कधी आलीच घरातल्या घरात, तर त्यालाही एक गोष्ट तयार होती. बाळंतपणात एका नर्सनं चिमटा लावला, डोकं ओढलं, म्हणून दादा तसा झाला. नाहीतर चांगला धडधाकट होता. बाबा मरेपर्यंत त्या नर्सला शिव्या घालत होते. ही गोष्ट तिनं इतकी ऐकली होती, की तो चिमटा तिला दिसायचा, लोखंडी, लांब, उकळत्या पाण्यातून काढलेला. आणि आज आलेखवाल्या बाई म्हणाल्या होत्या, “पाणी आणि असे अंगठे हे दोन्ही एकत्र आलं की आम्ही एका आजाराचा विचार करतो. फार कमी घरांत असतो. मुलग्यांना होतो, आणि येतो आईच्या बाजूनं. आईला स्वतःला काही होत नाही. म्हणून विचारलं.” येताना बसमध्ये नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, “चला, निदान घराण्यात काही नाही.” तिनं पर्स उघडली, तिकीट आहे का पाहिलं, पर्स बंद केली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घरी बसली असती तर पोटावर हात गेला असता. चष्म्याच्या दुकानामागची ती अरुंद खोली तिला बरी वाटायची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आरसा, काचा बदलायची ती जड फ्रेम, आणि दिवसभर एकच प्रश्न, पहिलं बरं की दुसरं. माणसं या खोलीत खोटं बोलतात हे तिला बारा वर्षांत पाठ झालं होतं. काही मिळायचं नसतं, कुणी मार्क देणार नसतं, तरी बोलतात. त्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले, गाडी चालवायच्या परवान्यासाठी कागद हवा होता. त्यांनी शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवली. तिनं तक्ता पालटला आणि पुन्हा विचारलं, तर त्यांनी तीच अक्षरं त्याच क्रमानं म्हटली. “काका,” ती म्हणाली, “आठवतंय ते नको. दिसतंय ते वाचा.” त्यांनी मान पुढं काढून तक्त्याकडे पाहिलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, “दिसत नाही.” तिनं काच उचलली आणि तिला बसवता येईना. तिनं मालकिणीला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारच्या उन्हात आईकडे निघाली.

आई तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून तिची तीस वर्षं गेली. इकडची तार तिकडं जोडायची, कानावर पडेल ते ऐकायचं आणि तोंडातून बाहेर काढायचं नाही, यात मुरलेली बाई. ती दारात आली तेव्हा आई टेबलाशी मटार सोलत होती. “आज लवकर?” म्हणाली. तपासणीचं तिनं आईला फोनवर एवढंच सांगितलं होतं की पुन्हा बोलावलंय. ती समोर बसली. एक शेंग उचलली, सोलली नाही. “आई, दादाच्या वेळी चिमटा कुठल्या नर्सनं लावला होता?”

या घरात ‘दादा’ हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता. या घरातच काय, तो गेल्यावर घेतलेल्या घरातही नव्हता; चिमट्याची गोष्ट निघायची तीही त्याचं नाव न घेता. आईचे हात थांबले नाहीत. एक शेंग, दुसरी शेंग. मग तिनं वर न बघता विचारलं, “अंगठे आत आहेत?”

तिनं शेंग खाली ठेवली. अंगठ्यांचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. “तुला कसं कळलं?”

“दोन्ही?”

“दोन्ही. आई, तुला कसं कळलं?”

आईनं दाण्यांची वाटी बाजूला सारली आणि टेबलावरची सालं तळहातानं एका जागी गोळा केली. बराच वेळ गोळा करत राहिली. “चिमटा कुणी लावला नव्हता,” ती म्हणाली. “सरळ झालं बाळंतपण. ती नर्स चांगली होती बिचारी. माझ्या पाठीला तेल लावत बसली होती.” आणि मग एकदा दार उघडल्यावर थांबायचं कसं हे तिला माहीतच नसल्यासारखी ती सांगत गेली, आवाज न चढवता, कुणा तिसऱ्याचा निरोप पोचवावा तशी. आईचा एक भाऊ होता, मावशीच्या आधीचा. अकरा महिन्यांचा होऊन गेला. तिच्या आईला कामं असायची, म्हणून त्याच्यापाशी हिला बसवायचे, सहा वर्षांची असताना. त्याच्या मुठी उघडणं हा हिचा खेळ. “मग दादा झाला. नर्सनं आणून कुशीत दिला. लोक आधी तोंड बघतात. मी मूठ उघडली. उघडली आणि मला सगळं कळलं, पुढचं सगळं. तुझी आजी, बाबांची आई, दारात उभी होती. डोकं बघून म्हणाली, हे असं कसं? मी काय सांगणार होते? तोंडून निघून गेलं, चिमटा लावला म्हणून. मग ते वाढतच गेलं. बाबा दवाखान्यात जाऊन भांडले. त्या नर्सची बदली झाली म्हणे. मी एकदा तिला शोधायला गेले होते. सापडली नाही. सापडली असती तरी मी काही बोलले असते असं नाही.”

“खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं?”

“तू झाली नसतीस,” आई म्हणाली. “तुझ्यात खोट आहे म्हणाले असते, आणि दुसरं होऊ दिलं नसतं कुणी. दोन वर्षं चिमटा चिमटा म्हणून मलाच तो खरा वाटायला लागला होता. तुझे दिवस राहिले तेव्हा एकदम खोटा वाटायला लागला. नऊ महिने मी बोर्डावर बसून लोकांना नंबर जोडून देत होते, आणि मला वाटायचं, कुणीतरी मला विचारावं, बाई तुम्हाला कुठला नंबर हवाय. झालीस तेव्हा ते म्हणाले मुलगी आहे. मी ऐकलंच नाही. मी मूठ उघडली. अंगठा बाहेर होता.”

तिला वाटलं आपण रडणार, पण आलं ते दुसरंच. ती उठून उभी राहिली, खुर्ची मागं सरकली. “आणि मला का नाही सांगितलंस? पाच महिने झाले, आई. लग्नाच्या आधी नाही, नंतर नाही, आत्तासुद्धा नाही.”

“मला वाटलं माझ्यापाशी संपलं. मुलींना होत नाही एवढंच मी पाहिलं होतं. मुलीतून पुढं जातं हे मला कोण सांगणार होतं?” आईनं टेबलावर राहिलेला एक दाणा उचलून वाटीत टाकला. “मनात यायचं. आलं की मी उठून काहीतरी काम काढायची.”

“तुझ्या मनात येत होतं आणि तू दोन महिने टोपडं विणतेयस.”

आईनं पहिल्यांदा वर पाहिलं. “जरा मोठंच विणलंय,” ती म्हणाली.

ती पुन्हा खुर्चीत बसली. खाली कुणीतरी गाडी मागं घेत होतं, तिची पींपीं बराच वेळ चालली. आई आत गेली आणि एक्सचेंजच्या जुन्या ओळखपत्राचं पाकीट घेऊन आली. कार्डाच्या मागं एक लहान फोटो होता. आई तरुण, बारीक, मांडीवर दादा. डोक्यावर टोपी, हात छातीशी. तो फोटो तीस वर्षं रोज आईच्या पर्समधून कामावर जात होता आणि परत येत होता. “त्या बाईंना लागेल,” आई म्हणाली.

नवऱ्याला तिनं संध्याकाळी सांगितलं. तो दारातच बसून बुटांच्या नाड्या सोडत होता, हत्यारांची पिशवी शेजारी. ती उभ्यानंच बोलली, फोटो हातात धरून, कारण बसली असती तर बोलणं झालं नसतं. त्यानं एक बूट काढला आणि दुसऱ्याची नाडी तशीच राहिली. “सात वर्षं,” तो म्हणाला. “हो.” “मी तुला माझ्या काकाच्या दारूपासून सगळं सांगितलं. मी दहावीला नापास झालो होतो ते माझ्या भावालासुद्धा माहीत नाही.” “हो.” तो एका बुटासकट उठला आणि खाली निघून गेला. ती गॅलरीत गेली नाही, बघितलं नाही. तिला त्याच्यावर रागावायचा काही अधिकार नव्हता आणि तरी ती रागावली होती, की हा जाऊन परत येऊ शकतो, आणि आपल्याला मात्र या पोटातून कुठंच जाता येत नाही. अर्ध्या तासानं तो आला. हातपाय धुतले. मग तिच्या हातातला फोटो घेऊन दिव्याखाली धरला, ती काच तपासताना धरते तसा. “काय म्हणायचीस याला?” “दादा.” त्यानं फोटोचा दुमडलेला कोपरा सरळ केला. “म्हणजे माझा मोठा मेहुणा,” तो म्हणाला, आणि तेव्हा ती रडली.

पुढं सगळं सरळच झालं. कागद, सह्या, रांगा. आलेखवाल्या बाईंना तिनं फोन करून खरं सांगितलं; त्या रागावल्या नाहीत, “बरेच जण दुसऱ्या फोनवरच सांगतात,” एवढंच म्हणाल्या. फोटो हातात घेतल्यावर त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, हातांकडे पाहिलं. पोटातून सुईनं पाणी काढलं. तिचं रक्त घेतलं, आईचं घेतलं. दोन आठवडे गेले. त्या दोन आठवड्यांत ते हलायला लागलं होतं. आधी कुणी आतून टिचकी मारावी तसं, मग धीटपणे, जेवण झालं की हमखास. ती बसमध्ये उभी असायची आणि ते हलायचं, आणि ती दांडा घट्ट धरून दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवरचं बटण मोजत राहायची. मग निकाल आला. आई, ती आणि पोटातलं बाळ, तिघांच्याही पेशींत एकाच जागी तीच एक बारीकशी चूक, हजार पानांच्या पुस्तकात एक अक्षर चुकावं तेवढी. बाई आईला म्हणाल्या, “तुमचा यात काही दोष नाही.” आई म्हणाली, “दोष नाही म्हणता, पण आलं ते माझ्याकडूनच ना?” बाईंनी आलेखावरून बोट वर वर सरकवत नेलं. “तुमच्याकडून, तुमच्या आईकडून, त्याआधी कुणाकडून. कुणी दिलं नाही. आलं.” आईनं मान हलवली. तिला पटलं की नाही ते कळलं नाही. चाळीस वर्षं तिच्याजवळ निदान एक चिमटा तरी होता, खोटा का होईना. आता तोही नव्हता.

डॉक्टरनं नवी तपासणी केली. एकोणिसाचे चोवीस झाले होते. किती जगेल सांगता येत नाही, तो म्हणाला. काही जगतात, बरीच वर्षं, नळी टाकून पाणी काढता येतं, पण मेंदूची झालेली बांधणी बदलत नाही. त्यानं हे चांगल्या आवाजात सांगितलं. काय करा असं सांगितलं नाही. बाळ ठेवायचं की नाही, या निर्णयाला एक आठवडा होता, आणि नवरा म्हणाला, “तू म्हणशील ते. मी असेन दोन्हीकडे.” तिला ते आवडलं आणि एकटं पाडल्यासारखंही वाटलं. ती कामावर जायची, पहिलं बरं की दुसरं विचारायची, आणि समोरच्याचं उत्तर ऐकायचंच राहून जायचं. नको म्हणायचं म्हणजे दादालाही नको म्हणायचं होतं. खिडकीशी पडलेला, कुणाची वाट बघणारा तो, त्याच्याकडे पाठ करून ‘पाहुणे आहेत’ म्हणणारी मी, आणि आता पुन्हा. आणि हो म्हणायचं म्हणजे आईची ती आठ वर्षं, तिची वाकलेली पाठ, ओली चादर, बाबांचं संध्याकाळी उशिरा घरी येणं. शनिवारी ती आईला म्हणाली, “तेव्हा हे यंत्र असतं तर?”

आई कपडे वाळत घालत होती. चिमट्यांची पिशवी खांद्याला. “आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं,” ती म्हणाली. “तो गेला त्या दिवशी विचारलं असतं, तर कुणी असं विचारूच कसं शकतं म्हणाले असते. दोन्ही खरं आहे, ठमे. मला त्यातलं एक टाकून देता आलं नाही. तुलाही येणार नाही.” मग दोरीवरचा टॉवेल सरळ करत म्हणाली, “तू काहीही केलंस तरी मी येणार आहे तिथं.”

तिनं नाही म्हटलं. मंगळवारी दवाखान्यात गेली, बुधवारी दुपारी ते झालं. दुखतं तसंच दुखलं, खऱ्या बाळंतपणात दुखतं तसं. हे तिला कुणी आधी सांगितलं होतं का आठवेना. खोलीत आवाज फार कमी होता. नर्सनं एका पांढऱ्या फडक्यात त्याला आणून दिलं, विचारून, घाई न करता. नवरा म्हणाला होता मला जमणार नाही, पण हात त्यानंच आधी पुढं केले. ते दोन तळहातांत मावेल एवढं होतं, गुलाबी, कातडी पातळ, ओठांची रेघ अगदी नवऱ्याची. आई पायाशी उभी होती. तिला वाटलं आई मूठ उघडेल. पण आईनं तोंड पाहिलं. वाकून, चष्मा वर करून, बराच वेळ फक्त तोंड पाहत राहिली, आणि म्हणाली, “देखणा आहे.”

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दूध आलं. नर्सनं सांगितलं होतं बहुतेक, तिनं ऐकलं नव्हतं. सकाळी उठली तर छाती दगडासारखी, गाऊन पुढून भिजलेला. ती न्हाणीघरात जाऊन उभी राहिली, नळ सोडला नाही, कुणाला हाक मारली नाही. आपलं अंग आपल्याला विचारल्याशिवाय काय काय करतं, याचा तिला इतका संताप आला की दातावर दात घट्ट बसले. नवऱ्यानं दार ठोठावलं, दोनदा. मग त्यानं आईला फोन केला असणार. आई आली ती एक जुनी मऊ चादर घेऊन. दाराशी उभी राहून म्हणाली, “उघड. मी आहे.” आत आल्यावर तिनं काही विचारलं नाही. चादरीला दात लावून टरकन फाडली, लांब पट्टा केला. “हात वर कर.” ती हात वर करून उभी राहिली, लहानपणी फ्रॉक घालताना उभी राहायची तशी, आणि आई तिच्याभोवती फिरत पट्टा गुंडाळू लागली. पाठीमागून आईचा श्वास, कापडाला येणारा कपाटातला वास, दर वेढ्याला थोडं जास्त ओढलं जाणारं दुखणं. “घट्ट होतंय?” “होऊ दे.”

“त्याला ओढता यायचं नाही,” आई मागून म्हणाली. “मी वाटीत काढून चमच्यानं पाजायचे. अर्धं आत, अर्धं मानेवर. सगळी दुपार त्यात जायची. मग आटलं. मला कुणी बांधलं नव्हतं, मी आपली कोबीची पानं ठेवायचे, कुणीतरी सांगितलं म्हणून.” आईनं शेवटचा वेढा दिला. तिच्या हातात पट्ट्याचं टोक होतं. गाठ मारायची राहिली होती.

“अजून सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू?”

“त्याचं. काहीही.”

आईनं पट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. इतकी वर्षं न बोललेलं कुठल्या टोकानं धरायचं, हे ती शोधत असावी. मग म्हणाली, “त्याला शिंक आली की तो स्वतःच दचकायचा. डोळे हे एवढे व्हायचे. आणि मग कळायचं, आपलीच होती, आणि हसायचा. प्रत्येक वेळी. आठ वर्षांत त्याला त्याची सवय झाली नाही.” तिच्या नाकातून हसू फुटलं, दुखलं, तरी आवरलं नाही, आणि पाठीमागे आईही हसत होती, हे तिला पाठीवरच्या त्या हातांच्या हलण्यावरून कळलं. आईनं गाठ मारली, ती नीट बसलीय का पाहिलं, आणि मग न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून पुढचं सांगू लागली. बाहेर नवऱ्यानं चहाचे कप आणून ठेवल्याचा आवाज आला. पट्टा पुढून हळूहळू ओला होत गेला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.